लाल गाडीचे शॉकअप

उस्ताद, वरूडच्या संत्रावाल्या शेठची ती लाल, दोन दारांची गाडी आज परत आपल्या शेडमध्ये आली. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली आणि आज मी तुमच्यावर इतका चिडलो आहे की दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. पोचणार नाही हे कळतं. पोचलं असतं तरी तुम्ही वाचलं नसतं, वाचायची कामं तुम्ही माझ्याकडे दिली होती. दहावीला मी दोनदा गणितात बसलो आणि दोनदा पडलो, तेव्हा घरी कोणी धड बोलत नव्हतं. तुम्ही माझी वही उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं हाय पोट्ट्याचं. बिलं लिहीन." तेवढ्यावर ठेवून घेतलंत. हे मी विसरलेलो नाही. पण आज ते आठवून राग कमी होत नाही, उलट वाढतो.

शॉकअप बसवले तो दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण त्या दिवशी तुम्ही खुशीत होता. अमरावतीत तशी गाडी दुसरी नव्हती. जुनी, बुटकी, पोट जमिनीला टेकेल अशी. शेठनी ती नागपूरहून हौसेनं आणली आणि त्यांच्या घरात सगळे त्यांना हसले. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं, मूळ शॉकअप मिळेनात, म्हणून शेठनी बाहेरच्या कंपनीचे चार नवे मागवले होते. पिवळे, चकचकीत. डबा फोडल्यावर आत घडी केलेला कागद निघाला. तुम्ही त्याला हात पुसणार, तेवढ्यात मी तो ओढून घेतला. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण शब्दाखाली बोट ठेवून मी वाचलं आणि चित्र तर कोणालाही कळलं असतं. आधी चाकं जमिनीवर, मग पाना.

गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली आहे, चाकं खाली लोंबताहेत, तुम्ही बसून खालचा बोल्ट आवळताय. शेठ स्टुलावर बसून चहा पिताहेत. मी म्हणतो, "उस्ताद, गाडी खाली घेऊन कसायची हाय. असं कसलं तर बुशाचं रबर पिळल्या जाते." तुम्ही मागे वळूनही पाहत नाही. म्हणता, "कागद पाहून पोट्टे होत नाईत, गाड्या काय बनतीन बे?" शेठच्या नाकातून चहा येतो. पलीकडचा पंक्चरवालाही हसतो. मी कागदाची घडी जशी होती तशीच घालतो आणि खिशात ठेवतो.

विनोद चांगला होता, मी आजही कबूल करतो. पण माझं म्हणणं खरं होतं. शॉकअपच्या टोकाला बोल्टभोवती रबरी बुश असतो, बोल्ट ज्या जागी आवळाल त्या जागी ते रबर धरलं जातं. चाकं लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्या आल्या ते पिळलं जातं आणि नुसत्या उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. वरून आपला वरूडचा रस्ता. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटेसारखं उठतं-बसतं. प्रत्येक लाटेला तो पीळ आणखी आवळतो. रबर फाटतं, शॉकअपचा दांडा तिरपा ओढला जातो, सील जातं, तेल गळतं. मग लोक म्हणतात बाहेरच्या कंपनीचा माल टिकत नाही. टिकला असता, उस्ताद. त्याला तुम्ही टिकू दिलं नाही.

एका पावसाळ्यात गाडी खडखडत परत आली. तुम्ही बुश पाहिले आणि मला अकोल्याला पाठवलंत, तुम्ही जिथे काम शिकलात त्या तुमच्या जुन्या दुकानातून नवे बुश आणायला. मला वाटलं, कळलं यांना. येताना मूर्तिजापूरच्या पुढे एसटीत मी बुशांची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो. तुम्ही चूक मान्य केलीत तर मी काय म्हणायचं, किती नम्रपणे म्हणायचं. परत आलो तर शेठ निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मी बिलं लिहीत असताना तुम्ही नवे बुशही गाडी वर ठेवूनच कसलेत. त्यानंतर शेठ आपल्याकडे आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आज शेठ आले ते तुमच्या नावाच्या बोर्डामुळे. इतकी वर्षं गाडी त्यांच्या गोदामात उभी होती. आता मुलीला चालवायची आहे, चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे, म्हणून त्याच कंपनीचे नवे शॉकअप घेऊन आले. मला त्यांनी ओळखलं नाही, मिशी आली आहे. म्हणाले, "पहिले इथं एक पोट्टा होता न, थ्याचा हात नका लागू देऊ. उस्तादनंच सांगतलं होतं मले. पोट्ट्यानं घाईघाईत कसले म्हून बुश फाटले. थो अकोल्याले गेला होता त्या दिवशी."

मी एसटीत वाक्यं जुळवत होतो तेव्हा तुम्ही हे बोलत होता, उस्ताद.

मी म्हणालो, "शेठ, थो पोट्टा मीच. अन् मी नव्हते कसले. उस्तादनं कसले होते."

"हाट्! मेलेल्या माणसावर ढकलतं का बे?"

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तुमच्या मागे शेड आता त्यांचीच आहे. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ दे न बाप्पा. म्हन, चुकलं म्हून. त्याइचं नाव काहाले काढतं?"

दोघंही वाट पाहत होते. 'चुकलं' एवढं म्हटलं असतं तर गाडी राहिली असती, काकू शांत झाल्या असत्या आणि या गावात मी कायमचा बुश फाडणारा झालो असतो. मी रोज शटर लावल्यावर कुलूप तीनदा ओढून पाहणारा माणूस आहे, उस्ताद. न केलेली चूक मी कशी घेऊ? मी म्हणालो, "चुकलं नाई म्हणत मी. तुमी इथं बसा, समोर कसतो. नाई पटलं तर गाडी घेऊन जा." शेठ तोंड वाकडं करून स्टुलावर बसले.

जुने चारही काढले. बुश चारही फाटलेले, एकाच दिशेनं. नवे बसवले, बोल्ट नुसते हातानं फिरवून ठेवले. मग चाकांखाली जाड फळ्या सरकवल्या, गाडी त्यांवर उतरवली आणि सगळा भार टायरांवर आल्यावर पाना घेऊन खाली शिरलो. जागा एवढी कमी की छातीला गाडी लागत होती, डोळ्यांत माती पडत होती. तिथे पडल्या पडल्या मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही खाली का जात नव्हता. तुमची पाठ. उठताना तुम्ही टेबल धरायचात, आम्हाला वाटायचं रुबाब आहे. पाठ दुखते एवढं म्हणाला असता तर मी गेलो असतो खाली. रोज गेलो असतो. त्यापेक्षा तुम्हाला मला खोटं पाडणं सोपं वाटलं.

तेवढ्यात वरून शेठचा आवाज आला, "अबे, खाली काहून घेतली गाडी? उस्ताद तं वर असतानीच कसत होते!"

माझा हात थांबला. गाडीखालून मी विचारलं, "कोण कसत होते, शेठ?"

मला फक्त शेठचे बूट आणि काकूंच्या साडीचा काठ दिसत होता. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग बूट हलले आणि शेठ म्हणाले, "कस, कस. चांगलं आवळ." बस, इतकंच. जाताना त्यांनी किल्ली काकूंकडे न देता माझ्या हातात दिली. उद्या मुलीला घेऊन येणार आहेत.

मी दुसऱ्यांदा विचारू शकलो असतो. बाहेर येऊन, तोंडावर, काकूंच्या देखत. नाही विचारलं. दिवसभर मी स्वतःला सांगतो आहे की काकूंसाठी गप्प बसलो. तसं नाही. पुन्हा विचारलं असतं तर शेठ तुम्हाला काहीतरी वाईट बोलले असते, आणि मला तुमची बाजू घ्यावी लागली असती. आज मला ती घ्यायची नव्हती.