चालू बोर्डावरचं काम

३ मार्च
आलो एकदाचा! ताईच्या घराची खालची खोली म्हणजे दाजींचा कारखानाच. फळ्यांवर चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती कॉम्प्युटर, जाड बटणांचे, पिवळे पडलेले. हौशी लोक ते पाठवतात आणि दाजी त्यांना नव्या टीव्हीला जोडायची सोय, जास्तीची मेमरी, काय हवं ते बसवून देतात. मी त्यांचा नोकरी सोडून आलेला मेहुणा, सोल्डरिंगमध्ये स्वतःला तीसमारखान समजणारा. दाजींनी माझा पहिला सांधा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, बरा आहे, रडका नाही. एवढ्यानंही माझी छाती फुगली.

ताई वर असते. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून तिचा श्वास मध्येच थांबायचा. दाजींनी असाच एक जुना कॉम्प्युटर तिच्या उशाशी ठेवलाय, त्याची तार तिच्या मनगटावरच्या पट्टीत जाते. त्याच्या ठोक्यावर ती श्वास घेते. बोलते, पण एक शब्द झाला की दुसऱ्यासाठी ताटकळावं लागतं. दाजींनी बजावलंय: ते मशीन बंद करायचं नाही आणि उघडायचंही नाही.

९ मार्च
दाजी सुटे भाग आणायला चार दिवस बाहेरगावी गेलेत. मी मशीन उघडलं. काय करू, हात शिवशिवत होते. आत क्रिस्टल असतो, नखाएवढी धातूची डबी, तोच सगळा ठोका ठरवतो. दुप्पट वेगाचा एक माझ्या खिशात होता. मशीन बंद न करता, चालू बोर्डावर, दोन्हींच्या मध्ये स्विच घालून तो बसवला. दाजींच्या बापालाही जमलं नसतं.

स्विच फिरवला आणि ताई उठून बसली! म्हणाली, धाकट्या, किती रे जाड झालास! मी ढसाढसा रडलो.

१० मार्च
तार लांब करून दिली. ताई घरभर फिरली, अख्खं कपाट लावलं, मी सांधे कसे घालतो ते शेजारी बसून बघितलं. तिचं बोलणं इतकं भराभर की निम्मं कळत नाही. दाजी आले की चकित होतील.

११ मार्च
सकाळी तिच्या भांगात पांढरे केस. नखं वळलेली. ठोका दुप्पट कुठला, रात्रीत आपसूक वाढतच गेलाय. घाबरून स्विच उलटा फिरवला, तर तिचा श्वासच थांबला, ओठ निळे पडले. झटकन परत फिरवला. जुना क्रिस्टल माझ्याच सोल्डरिंगच्या उष्णतेनं जळलाय. हात दाखवून अवलक्षण. दुसरा तसा घरात नाही.

१२ मार्च
ताई म्हणते, माझं एक वाक्य ऐकून होईतो तिची दुपार सरते. एकटं वाटतं म्हणते.

संध्याकाळी बोर्डावर आणखी एक क्रिस्टल दिसला. मी लावलेला नाही. सांधा माझ्यापेक्षा सुबक आहे.

१३ मार्च
ती दिसत नाही. नुसती वाऱ्याची झुळूक, आणि पडदे हलतात. भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलंय: कंटाळा आला, ये ना.

माझ्या मनगटावर ताईसारखीच पट्टी आहे, तार त्याच मशीनला. कधी बांधली —

१३ मार्च
ताई समोर. पार म्हातारी. हसली. पट्टी काढू नकोस म्हणाली, तुझा श्वास आता तिच्यावरच. काढून पाहिली. खरं आहे.

खिडकीबाहेर कावळा हवेत अडकलाय.

१३ मार्च, अजून
ताई गेली. वयानं. जाताना म्हणाली, तुला यायला फार उशीर झाला रे. मी मारलं तिला. आजारानं नाही, माझ्या हौसेनं.

१३ मार्च
दाजी दारात. एक पाय उंबऱ्यावर, अधांतरी. माझ्या हिशेबानं आठ दिवस झाले. बिस्किटं मोजून खातोय.

१३ मार्च
त्यांची नजर ताईपर्यंत पोचली. तोंड उघडतंय.

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी आहे इथे, बंद केलंत तर मी मरेन. पुठ्ठा त्यांच्या डोळ्यांसमोर चौकटीला बांधला. वाचतील. वाचतील ना —

१३ मार्च
वाचतायत. बुबुळं सरकतायत. पहिल्या शब्दावर. दुसऱ्या.

१३
वाचलं. सगळं वाचलं. त्याआधी हात खाली होता. आता निघालाय दाराशेजारी भिंतीवर असलेल्या मशीनच्या बटणाकडे.

१३
ढकलतो. लोंबकळतो. हलत नाही. इतका सावकाश आणि इतका —

दाजी, ऐका ना —

१३
बोट टेकलं. बटण अर्धं खाली. कालपासून एकच घरघर चालू आहे, खटक्याचीच असणार, अजून संपायची आहे, ती संपेपर्यंत मला