आबांनी चाखलेलं पाणी

जळगाव,
१९ जानेवारी १९९५

तीर्थरूप आबा,

पायांवर डोकं ठेवून सुनंदाचा नमस्कार. मी ठीक आहे. केळीला थंडी लागली का? अक्काचे गुडघे कसे आहेत? हे पत्र चष्मा लावून स्वतःच वाचा, दादाला देऊ नका. तो गावभर करील.

आबा, जमलं! आठ महिने जे होत नव्हतं ते सोमवारी झालं. मंगळवारी पुन्हा, काल तिसऱ्यांदा. या महिन्यात जमलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे माझी पीएचडीची तीन वर्षं मातीत. आता तेच पेढे मागताहेत.

रुथेनियम नावाचा धातू आहे. त्याची संयुगं कर्करोगावर चालतील का, हे बरेच जण तपासताहेत. माझ्या संयुगात त्याला क्लोरिन चिकटलेलं असतं. पाण्यात टाकलं की क्लोरिन उठतं, तिथे पाणी बसतं, मग पाण्याला उठवून लिगंड बसतो. लिगंड म्हणजे धातूला धरून राहणारा रेणू. माझा लिगंड डीएनएचा एक तुकडा आहे. तो बसला की रंग बदलतो. माझा बदलतच नव्हता. पाण्यात आधीच मीठ असेल तर मिठातलं क्लोरिन पुन्हा पुन्हा तीच जागा अडवतं, धुळ्याच्या एसटीत रुमाल टाकणाऱ्यांसारखं. (औषध निघालं असं मात्र सांगत सुटू नका. ते फार लांब आहे.)

मी संयुग पाच वेळा नव्यानं केलं, लिगंड पुण्याहून मागवला. पाणी तेवढं तपासलं नाही. वीज सारखी जाते, म्हणून वाफ थंड करून काढायचं शुद्ध पाणी इथे निघत नव्हतं. बॅटरीच्या दुकानातून कॅन यायचे. वर 'शुद्ध' लिहिलेलं. रविवारी त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब चुकून पडला आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे मीठ. सोमवारी पाणी बदललं आणि रंगही बदलला.

तुम्हाला हे जूनमध्येच कळलं होतं.

केळी लावण्याआधी पाच गावं तुम्हाला विहिरीचं पाणी चाखायला बोलावतात. मला भेटायला प्रयोगशाळेत आलात त्या दिवशी तुम्ही कॅनमधला थेंब जिभेवर ठेवलात आणि सरांसमोर म्हणालात, "पोरी, हाई पानी खारं शे. यामा केळ भी जगाव नही." मला लाज वाटली. धोतराची की बोलीची, ते अजून लिहवत नाही. "आबा, ही प्रयोगशाळा आहे, तुमची विहीर नाही," असं मी फटकन बोलले. तुम्ही केळ्यांची फणी टेबलावर ठेवली आणि स्टँडकडे निघालात. तेव्हापासून तुमचं पत्र नाही.

आणखी एक. सोमवारी सरांनी विचारलं, पाण्याचं कुणाच्या ध्यानात आलं? मी म्हटलं, माझ्या. तीन दिवस तेच खरं मानू दिलं. आज सगळ्यांसमोर खरं सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, वहीत लिहा. लिहिलं: 'पाणी खारे असल्याचे प्रथम माझे वडील हिलाल आबा यांनी ओळखले, जून १९९४. मी ऐकले नाही.'

आता पाणी मी स्वतः स्टोव्हवर उकळून, वाफ धरून काढते. पुढच्या शुक्रवारी मोठा प्रयोग लावायचा आहे. आबा, या. सरांसमोरच थेंब जिभेवर ठेवा. तुम्ही "गोड शे" म्हणेपर्यंत मी बाटलीचं बूच काढणार नाही.

आणि फणी आणा. मागची मी रागानं शिपायाला देऊन टाकली होती.

चुकलेली, जिंकलेली, तुमचीच पोर,
सुनंदा