परत केलेला जंबिया

मारिब. सोमवार, ३ फेब्रुवारी

घात झाला! मी गाडीचं चाक बदलत होतो, तेवढ्यात माझ्या म्हाताऱ्या साहेबाने शेख नाजीचा जंबिया, त्याचा बाकदार खंजीर, परत पाठवला. मला म्हणे, "आम्हा स्वीडनच्या राजदूतांना भेटवस्तू घ्यायची मनाई आहे, शूई."

भेट कसली, साहेब! दोन्ही शेखांनी कमरेचे जंबिये तुमच्या हाती दिले — म्हणजे आपसातला तंटा मिटवायला तुमच्या हाती दिला. परत केला म्हणजे — जा, लढा!

आणि माझा भाऊ हादी नाजीच्याच कोठडीत. सात महिने. गुन्हा काय, तर दुसऱ्या बाजूच्या शेख मुहसिनचा ट्रक चालवायचा. येत्या रविवारी कैद्यांची अदलाबदल ठरली होती.

मंगळवार

नाजीचा निरोप — कैदी सुटणार नाहीत. गावी, झबीदला, आईला फोन केला नाही.

बुधवार

सगळं सांगितलं म्हाताऱ्याला. म्हणाला, "चूक माझी. तुमच्यात कबूल कशी करतात?"

"बैल न्यायचा. ज्याला दुखावलं त्याच्या दारात कापायचा. चारचौघांत."

"मी मांस खात नाही रे."

"तुम्हाला खायला कोण सांगतंय!"

गुरुवार, ६

बैल घेऊन नाजीच्या दारात गेलो. म्हातारा उन्हात बोडक्या डोक्याने उभा. नाजी बाहेर येईना. गर्दीतला एक ओरडला, "काय हो, तुमच्याकडे बैल असतात, की नुसतं बर्फच?"

म्हातारा मोडक्या अरबीत म्हणतो, "असतात. पण माझ्याहून शहाणे."

हशा पिकला! नाजी हसू दाबतच बाहेर आला. बैल कापला. जंबिया पुन्हा म्हाताऱ्याच्या हाती.

येताना गाडीत म्हणाला, "चाळीस वर्षं लोकांच्या सह्या घेत फिरलो. माफी आज पहिल्यांदा मागितली. सोपी असते की!"

आईला फोन केला.

शनिवार, ८

म्हातारा गेला. सकाळी, खुर्चीतच. चहा अर्धा राहिला.

जामीन राहणाराच मेला तर शब्द कोण पाळतो? उद्या रविवार. बातमी कळताच आधी हादीच आठवला — लाज वाटली. मग रडलो.

रविवार, ९

दुखवट्याच्या मांडवात लोकांना सामोरं जायला त्याच्या रक्ताचं कोणी नाही. मीच उभा राहिलो, एकटा. नाजी आला — माझ्या उजवीकडे उभा. मुहसिन आला — डावीकडे. "आम्ही त्याचे भाऊ," म्हणाले. लोक एकेक करून तिघांचेही हात हातात घेऊन पुढे जात होते.

नाजीच्या गाडीतून काही माणसं उतरली, रांगेत उभी राहिली. चौथा हादी.