डाव्या हाताची निब

प्रिय टिपकागद,

सातवीत आपण दोघी एकाच दौतीतून पेनं भरायचो, आठवतं? दोघींची पेनं अगदी सारखी, मरून रंगाची, सोनेरी क्लिपची. तू डावखुरी, त्यामुळे ओळ लिहिता लिहिता तळव्यानं ओली शाई टिपून घ्यायचीस. सिस्टर विचारायच्या, ही वही लिहिली आहेस की पुसली आहेस? म्हणून तू टिपकागद. आणि मी दर आठवड्याला बाकावर शाई सांडायची, म्हणून दौत.

इकडे सगळं छान आहे. माझे कॅल्क्युलेटर आता एकतीस झाले. आमच्या मोजणी कार्यालयात संगणक आले तेव्हा साहेबांनी हातानं फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र भंगारात काढलं आणि मी ते कडेवर घेऊन घरी आले, तिथपासूनचं हे वेड. वहिनी म्हणते, वन्सं, या घरात पाहुण्याला टेकायला जागा नाही, गुणाकाराला आहे. पण लाल आकड्यांचा कॅल्क्युलेटर भागाकार करताना क्षणभर लुकलुकतो ना, विचारात पडल्यासारखा, तेव्हा तीही हळूच येऊन बघते.

आता मुद्द्याचं. माझं शाळेतलं मरून पेन इतकी वर्षं डब्यात पडून होतं, कितीही धुतलं तरी खरखरायचं. गेल्या महिन्यात ते पेनवाल्यांकडे नेलं. माझ्या प्रत्येक पत्रात तुला भेटतात तेच. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, निब उजेडात धरली आणि म्हणाले, बाई, हे तुमचं नाही, ही निब डाव्या हातानं झिजली आहे. मी म्हटलं, शाळेपासून माझंच आहे. ते शांतपणे म्हणाले, मग शाळेपासून दुसऱ्याचं आहे.

तेव्हा मला सातवीतला तो दिवस आठवला. तू सांगत होतीस, पेनांची अदलाबदल झाली आहे. मी सिस्टरसमोर छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. मी शहाणी मुलगी, माझंच खरं ठरलं. 'मी खोटा आळ घेणार नाही' हे तू शंभर वेळा लिहिलंस, तेही माझ्याच पेनानं. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि शाईचं पेनही पुन्हा धरलं नाहीस. तुझी इतक्या वर्षांची सगळी पत्रं बॉलपेनची आहेत, हे मला परवा कळलं. वाचत तर मी रोजच होते.

त्या दिवशी तिथेच मी अदलाबदलीची गोष्ट सांगितली, तेव्हा पेनवाले म्हणाले, लिहा त्यांना. आणि त्याच दमात, माझ्या वरच्या खोलीत तुमच्या यंत्रांसाठी फळ्या ठोकू का? मी म्हटलं, आणि माझ्यासाठी? ते कानापर्यंत लाल झाले.

तर सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता आमचं नोंदणी लग्न आहे. एकसष्टाव्या वर्षी. पोटभर हसून घे आणि ये. साक्षीदार म्हणून मला तुझीच सही हवी आहे. खोलीत फळ्या तीनच बसतात, म्हणून वाटणी केली आहे. लाल आकड्यांचा वहिनीला. तो आवडतो हे ती कबूल करणार नाही, तरी द्यायचा. खिशात मावणारे सगळे भाचीला. हाताचं यंत्र माझ्याबरोबर. सोबतचं मरून पेन तुला. निब घासून सरळ करू का, असं त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. आणि घडी घातलेले चार कागद आहेत, तेही तुलाच. 'टिपकागद खरं बोलत होती', शंभर वेळा. मोजून घे.

तुझीच,
दौत