दगडावरचा काळा डाग

बागबाजार, कलकत्ता
१२ नोव्हेंबर १९७४

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

माझा खोकला गेला. ज्यांच्या माडीवर मी राहतो, त्या आमच्या ऑफिसातल्या सान्यालबाबूंच्या बायकोने रोज आल्याचा काढा वर आणून दिला. तेव्हा काळजी नको.

ऑफिसात जीवाश्म तपासणीसाठी एक दगड आला. त्यात पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा, करंगळीएवढा प्राणी होता. अशांचं कवच तेवढं उरतं, मऊ अंग कुजून जातं. याच्या कवचाभोवती मात्र पुसट काळा डाग होता. भिंगाखाली पाहिलं, तर ते पाय आणि आतडं. तो कसा चालायचा, काय खायचा, कुणाचा नातलग, हे सगळं त्या डागातच होतं.

मी गुपचूप फोटो काढले आणि दगड सान्यालबाबूंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी जन्मभर शिंपलेच पाहिले. काळं दिसलं की घासायचं, ही त्यांची जुनी सवय. मी शेजारी चहा पीत बसलो. त्यांनी ब्रशने डाग पार घासून काढला आणि म्हणाले, "देखो गुरुदत्त, अब साफ हुआ."

सोमवारी फोटो मोठ्या साहेबांपुढे ठेवीन. विभागप्रमुखाची जागा सान्यालबाबूंना मिळणार होती, ती आता मला मिळेल. मी फार मऊ आहे, माझा निभाव कसा लागणार, हा घोर आता सोड.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझा चिवडा सान्यालबाबूंना आवडला. तू येशील तेव्हा जिना चढायला नको, म्हणून त्यांनी खालची स्वतःची खोली तुझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे.

तुझाच,
गुरुदत्त