दुसऱ्या मजल्यावरची हयात भाडेकरू

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणसाठ (भाडेपावतीप्रमाणे पंच्याण्णव), अविवाहित, धंदा घरबसल्या कपड्यांना काजं-बटणं करण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते आहे. मी शुद्धीत आहे असा गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी नेमकी कोण, याचा दाखला त्यांना देता आला नाही. ते मी स्वतःच सांगते.

कलम १. कागदोपत्री मी मेले त्याला एकतीस वर्षं झाली. हे दोन खोल्यांचं घर माझ्या आत्याने तरुणपणी भाड्याने घेतलं. करार असा, की मूळ भाडेकरू हयात असेपर्यंत भाडं वाढणार नाही आणि घर सोडायला सांगता येणार नाही. ती गेली की घर मालकाकडे, नाहीतर चालू भावाने भाडं. मालकाला वाटलं असेल, एकटी बाई, जगून जगून किती जगेल. आत्या चौसष्टाव्या वर्षी, एका सकाळी चहा गाळता गाळता गेली. माझा आणि दादाचा, दोघांचा पगार ओतला असता तरी चालू भावाने हे घर परवडलं नसतं. दादा मृत्यूचा दाखला आणायला गेला आणि परत आला तो माझ्या नावाचा दाखला घेऊन.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"अगं, कागदावरच तर आहे. घरातल्या घरात नाव फिरवलंय. तुझं कुठे काय अडतंय?"

माझं अडलं. टेलिफोन कचेरीतली नोकरी गेली, कारण मेलेल्या बाईचं नाव हजेरीपटावर राहत नाही. एका माणसाशी लग्नाचं बोलणं चाललं होतं, तेही तिथेच थांबलं. त्याला दादाने काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. सहा वर्षं दादा या घरात राहिला, पैसे साठवले आणि शहराच्या पार टोकाला स्वतःचं घर घेऊन निघून गेला.

त्या दाखल्याची मूळ प्रत मी दादाला ठेवते. त्याच्याच हातची आहे, त्याने जपावी.

कलम २. आता हजेरीबद्दल. करारात अट आहे, की मूळ भाडेकरूने वर्षातून एकदा मालकाच्या कारकुनाला समक्ष दिसावं. कारकुनाचे गुडघे गेलेले, त्यामुळे तो जिने चढत नाही. अंगणात वही घेऊन उभा राहतो आणि घराचा नंबर पुकारतो. आपण खिडकीतल्या खुर्चीत बसायचं आणि उजवा हात वर करायचा. आत्याची करडी शाल, आत्याचा चष्मा आणि चेहऱ्यावर थोडी सावली, एवढ्यावर पहिलं वर्ष निभावलं. मला वाटलं होतं, मी एकटीच अशी लबाड. पण माझ्यानंतर एकेक नंबर पुकारला तसे समोरच्या बाजूच्या खिडक्यांतून, तसल्याच शालींखालून, आणखी आठ तरणे हात वर आले.

आमच्या इमारतीत नऊ माणसं शंभरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर वहीप्रमाणे एकशे अठरा वर्षांचे, आणि रोज सायकलवर कामाला जातात. कारकून वहीत खूण करतो आणि म्हणतो, "इथली हवा चांगली आहे. कुणी मरतच नाही." एकदा मी त्याला खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, मी तरी कुठे कारकून आहे? मूळ कारकून माझा काका. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली. जिन्याखालची खोली कारकुनाच्या नावावर आहे, म्हणून मी तो." त्या दिवसापासून आमचं बरं जमतं.

कलम ३. इथवर सगळा शहरातल्या अडचणीचा मामला झाला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, तशी मी निवांत होते. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मला दम लागायला लागला, आत्याला लागायचा तसा, पायरी नंबर अकराला. मग गोड नकोसं झालं. मग मी झोपेत एका माणसाचं नाव घ्यायला लागले, ते नाव माझ्या ओळखीचं नाही. गेल्या वर्षी मनगट ठणकायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, "लहानपणी पडला होतात का? हाड मोडून वाकडं जुळलंय."

मी लहानपणी कधीच पडले नाही. आत्या पडली होती, नऊ वर्षांची असताना, जिन्यावरून.

मी हे कुणाला बोलले नाही. पण मग इमारतीत नीट बघायला लागले. मास्तरांच्या जागी बसतो त्या पोराला पोस्टमनने त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली तर तो थांबत नाही. मास्तर म्हटलं की लगेच वळतो. मला त्याची भीती वाटते, आणि माझीही वाटते.

कलम ४. माझी वारस एकच, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय एकोणतीस, दवाखान्यात तपासणीचे रिपोर्ट टाइप करते. नवरा गोदामात माल मोजतो. पाच वर्षांत त्यांनी सहा घरं बदलली. आता राहतात ती खोलीही अर्धीच आहे. मधे कपाट उभं केलंय आणि पलीकडे दुसरं कुटुंब. त्यांची दीड वर्षाची मुलगी कपाटाच्या खालच्या खणात झोपते. महिन्याअखेर तेही सोडायचंय, कारण मालकाला त्याच अर्ध्या खोलीचे दोन भाग करायचेत. नवीन खोली बघायला गेले तर एजंट म्हणाला, "मूल आहे? मग खिडकीवाली मिळणार नाही."

म्हणून ती माझ्याकडे आली. "मावशी, तुझ्यानंतर मी बसते ना खुर्चीत. वर्षातून एक दिवस हात वर करायचा, त्यात काय एवढं?"

आणि मी, अक्कल गहाण ठेवून, म्हटलं, "बस की. बघ जमतंय का." ही चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नये. माझ्यावर बेतलेलं मला दिसत होतं, तरी त्या पोरीचं मूल खणात झोपतं हे मला बघवलं नाही.

महिनाभर ती सुट्टीच्या दिवशी येऊन बसत होती. पहिल्या दिवशी हसली, शाल डोक्यावरून घेऊन म्हणाली, "कशी दिसते मी?" दुसऱ्या खेपेला हसली नाही. तिसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघरात होते, तर बाहेरून आवाज आला, "चिमणे, पाणी आण गं."

मला चिमणी फक्त आत्या म्हणायची, तेही दोघीच असताना. दादालासुद्धा ठाऊक नव्हतं. आत्या गेली तेव्हा ही पोर जन्मलीही नव्हती. मी पाणी नेऊन दिलं. तिने पेला डाव्या हाताने घेतला आणि उजवं मनगट मांडीवर चोळत राहिली.

कलम ५. काल मी खुर्ची मोडून टाकायला सुताराला बोलावलं. मी बटणं पोचवायला शिंप्याकडे गेले होते, घरी भाची होती. परत आले तर सुतार जिन्यात भेटला, हत्यारांची पिशवी तशीच बंद. म्हणाला, "खुर्चीत आजी बसल्यात, त्या नको म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाला उठवायचं कसं?"

मी धावत वर गेले. घरात भाची एकटीच होती, खिडकीत बसली होती.

उद्या हजेरी आहे. तिने उद्याची रजा टाकली आहे.

कलम ६. वाटणी. घर मी कुणालाही देत नाही, ते माझं नव्हतंच. ते मालकाला परत जावं. त्याने ते चौपट भावाने द्यावं किंवा त्याच्या सात खोल्या कराव्यात, त्याचं तो निस्तरेल. आत्याची शाल आणि चष्मा माझ्यासोबत जाळावा. काजाच्या सुया, कात्री आणि अंगुस्तान समोरच्या शिंप्याच्या बायकोला. तिने मला एकदा विचारलं होतं, "तुमचं खरं नाव काय हो?" एकतीस वर्षांत विचारणारी ती एकटी.

वाचलेल्या भाड्यातून जमलेली सगळी शिल्लक भाचीला. हिशोब करून बघितला, एवढ्यात तिला शहराबाहेर एका खिडकीवाल्या खोलीत तीनेक वर्षं राहता येईल. एकतीस वर्षं मी मेलेली राहिले त्याचं एवढंच झालं. पण त्या तीन वर्षांत ती स्वतःच्या नावाने भाडं भरेल आणि मुलगी तिला आई म्हणून ओळखेल. अट एकच. तिने आज संध्याकाळच्या आत हे घर सोडावं आणि पुन्हा या खिडकीत बसू नये. पोरी, मला तुझी फार काळजी वाटते. रागव माझ्यावर, शिव्या दे, पण जा.

कलम ७. मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर लागू होतं. माझा मृत्यू सरकारी शिक्क्यानिशी झालेला आहे, तेव्हा हे आता, या घटकेपासून लागू समजावं. उद्याच्या हजेरीला आमचा नंबर पुकारला की मी अंगणात जाऊन सांगेन, आत्या गेली. पुढे पोलीस आले तरी चालतील.

सही: (पहिल्या दोन सह्या आत्याच्या झाल्या, त्या खोडल्या आहेत. तिसरी माझी.)

साक्षीदार एक: इमारतीचा कारकून. आज जिने चढून वर आलो. सही माझ्या जन्मनावाने केली आहे. जिन्याखालची खोली महिन्याअखेर रिकामी करतो.

साक्षीदार दोन: गल्लीचे डॉक्टर. बाईंनी माझ्या समक्ष सही केली.

स्थळ: दुसरा मजला, स्वयंपाकघर. हजेरीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार.

पोच: वरील रक्कम आणि सूचना मिळाल्या. वाचून समजल्या. सही, भाची.

कारकुनाचा शेरा: पोचेवरची सही पडताळली. करारावर मूळ भाडेकरू बाईंनी केलेल्या सहीशी तंतोतंत जुळते. मी भाचीबाईंना घर सोडायची आठवण करून दिली. त्या खिडकीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कारकून, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा."