उसनं पोट

ताइचुंग, ३ मार्च १९८४

ती. सु-यिनताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुपारी घड्याळांचं दुकान बंद करून लिहितोय. चौदा वर्षांचा असताना मी पुलीला पकडलेला तो राखाडी पतंग, एकुलता एक नर, आठवतो? त्याच्या पोटाचं टोक क्षारात उकळून आतला हुकासारखा बाकदार आकडा पाहिला. कोण कुठल्या घरातला, हे त्या आकड्यावरून ठरतं. असा दुहेरी आकडा त्या कुळातल्या एकाही प्रजातीत नाही! म्हणजे ही प्रजातीच नवी. संग्रहालयातले प्राध्यापक श्येह म्हणायचे, कॉलेजची पायरी न चढलेल्यानं या भानगडीत पडू नये. आकृत्या पाहून त्यांनीच लेख पुढे पाठवला. संग्रहालयाच्या नियतकालिकात, जूनच्या अंकात येतोय.

बांबूचे कोंब पोचले. दोन किडके होते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
चेंग-हुई


पुली, ९ मार्च

चि. चेंग-हुई यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसले. तू तो पतंग पकडलास त्याच आठवड्यात त्याची डबी माझ्या हातून पडली होती. त्याच्या पोटाचा चुरा झाला. मी तेव्हा वाळवलेली फुलपाखरं विकणाऱ्या कारखान्यात. दिवसभर आमचं कामच ते: मोडक्याला दुसऱ्याची मिशी, दुसऱ्याचं पोट, गोंदाचा थेंब, की माल अखंड. तू रडशील म्हणून तेच केलं. पोट कुणाचं होतं, देव जाणे. मी गप्प राहिले तर कुणाला कळणारही नाही. ठरव तूच. पण वेळेवर जेव.

तुझी अपराधी,
ताई


ताइचुंग, २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुझ्यावर चिडलो, मग स्वतःवर. सांध्यावर चकाकी दिसली होती; जुन्या किड्याला सुटतं तसं तेल सुटलं असेल म्हणून पुढे गेलो. गिऱ्हाइकाच्या घड्याळात असं खपवून घेतलं असतं का मी? लेख मागे घेतला. श्येह सर म्हणाले, पंखांच्या शिरा अजूनही कुठल्याच माहीत प्रजातीशी जुळत नाहीत. ताजा नर आणा, मी तुमच्याशेजारी बसून तपासतो. वर विचारलं, तुमच्या ताई आमच्या संग्रहालयात तर कामाला नव्हत्या ना!

राग गेलाय. माया आटवू नकोस.

चेंग-हुई


पुली, २ मे

चि. चेंग-हुई यास,
अ. उ. आ.

सात रात्री कापराच्या झाडांखाली चादर टांगून, दिवा लावून बसले. तुझे भावोजी विचारतात, या वयात कुणाची वाट बघतेस? काल तसेच राखाडी चार पतंग आले. डबी सोबत पाठवतेय. नर किती, ते तू बघ.

एकाची मिशी मोडकी आहे. हात फार शिवशिवले. पण तशीच ठेवलीय.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई